बक्षिसासाठी कोरून काढलेला डंपर

गेल्या वर्षी एका स्पर्धेसाठी मी माझ्या लिनोवरून एक डंपर कोरून काढला.

लिनोकट कधी केला नसेल तर थोडक्यात सांगते. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र उलटं काढायचं. जे पांढरं हवं ते कोरून टाकायचं. जे उरेल त्यावर रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि दाब द्यायचा. उरलेलं काळं, कोरलेलं पांढरं. इथे रबर नाही, अन्डू नाही. एकदा कोरलेला लिनो परत भरत नाही.

माझं चित्र आमच्या गासच्या वाडीजवळच्या बावखलाचं होतं. वसईबाहेरच्या वाचकांसाठी: बावखल म्हणजे वाडीत खणलेलं छोटं तळं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना पुरतं. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या याच पाण्यावर जगल्या. आता एकेक बावखल भराव टाकून बुजवलं जातंय. माझ्या चित्रात काठावर केळी होत्या, पाणी होतं आणि मागे भरावाची माती घेऊन आलेला डंपर उभा होता. चित्राचा जवळजवळ एक चतुर्थांश भाग त्या डंपरचाच होता, गच्च काळा.

स्पर्धेचा विषय होता ‘माझं सुंदर शहर’. सर म्हणाले, “डंपर काढ गं. बाकी काम चांगलं आहे, पण विषय बघ ना काय आहे.” मी दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी व्ही-टूल घेतलं आणि तासाभरात डंपर गेला. त्या जागी पांढरं आकाश आलं. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पुढे आयोजकांच्या कॅलेंडरवर एका महिन्याच्या डोक्यावर माझं बावखल छापून आलं. खाली पेन्सिलने केलेली माझी सही होती, तेवढी पट्टी कापलेली होती. नाव कुठेच नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, नियम क्रमांक अमुक वाचा, सर्व प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांचे.

तो नियम मी वाचलाच नव्हता. फॉर्मच्या तळाशी एक चौकोन होता, त्यावर टिक केलं होतं. तुम्हीही करता.

म्हणून हा लेख. कुठली स्पर्धा निवडावी, या प्रश्नावर आर्ट कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एकच उत्तर मिळतं: सगळीकडे पाठव. मला ते उत्तर चुकीचं वाटतं. नुसतं चुकीचं नाही, चित्रकाराला बिघडवणारं वाटतं.

ही सवय लागते कुठे

महाराष्ट्रात चित्र काढणाऱ्या मुलाला स्पर्धेचं वळण शाळेतच लागतं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, मग दहावीला वाढीव गुण. त्या परीक्षांना मी नावं ठेवत नाही. गावातल्या शाळेतल्या मुलीला ‘तुला चित्र येतं’ असं घराबाहेरच्या कुणी सांगण्याची ती पहिली संधी असते. माझ्या इंटरमिजिएटच्या ‘ए’ ग्रेडमुळेच पप्पांनी मला आर्टला जाऊ दिलं. पण त्यातून एक गैरसमज अंगात मुरतो. चित्र आधी कुणीतरी ‘देतं’, मग आपण काढतो. विषय वरून येतो, वेळ वरून येते, कागदाचा आकार वरून येतो, आणि शेवटी श्रेणीही वरूनच येते.

कॉलेजात आल्यावर त्या परीक्षेची जागा इन्स्टाग्रामवरच्या ‘कॉल फॉर एन्ट्रीज’ घेतात. दर आठवड्याला एक. आंतरराष्ट्रीय, ऑनलाइन, सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला ई-सर्टिफिकेट. पहिल्या दोन वर्षांत माझ्याकडे अशी अकरा सर्टिफिकेटं जमली. त्यांतल्या सात ठिकाणी माझं चित्र कुणी पाहिलं का, हे मला आजही माहीत नाही.

एक साधा हिशेब करा. समजा एका स्पर्धेला दोन हजार जणांनी प्रत्येकी तीनशे रुपये भरले. झाले सहा लाख. बक्षिसं मिळून एक लाखाची. प्रदर्शन ऑनलाइन, म्हणजे हॉलचं भाडं नाही. परीक्षकांची नावं जाहीर केलेली नाहीत, म्हणजे मानधन दिलं की नाही तेही कळायला मार्ग नाही. मग यात ग्राहक कोण आणि माल कोण? ग्राहक आपणच आणि मालही आपणच. आपण पैसे भरतो आणि वर चित्रही देतो.

प्रत्येक फी म्हणजे लूट, असं मी म्हणत नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ची. अशा संस्था खऱ्या भिंतींवर खरी चित्रं लावतात. भिंत भाड्याने घ्यावी लागते, चित्रं उतरवून घ्यायला आणि टांगायला माणसं लागतात. तिथे फी कशाची हे दिसतं. प्रश्न फीचा नाही. त्या पैशांतून माझं चित्र कुणाच्या डोळ्यांसमोर जाणार आहे, हा आहे.

“एक्स्पोजर तरी मिळतं”

माझ्याविरुद्धचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच, आणि त्याला मी हसणार नाही. ज्यांच्या घरात कुणी चित्रकार नाही, गॅलरीवाल्याशी ओळख नाही, जे नालासोपाऱ्याहून लोकलला लोंबकळत कॉलेज गाठतात, त्यांच्यासाठी स्पर्धा हाच दरवाजा असतो. घरच्या ओळखीवर प्रदर्शन लावणाऱ्यांनी मला ‘स्पर्धा म्हणजे बाजार’ असं शिकवू नये. अमृता शेरगिलला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक १९३७ साली ‘तीन मुली’ या चित्रासाठी मिळालं. पदकं खोटी नसतात. चांगल्या परीक्षकाने योग्य वेळी दिलेलं पदक माणसाला पुढची दहा वर्षं उभं ठेवू शकतं.

पण त्याच शेरगिलची आधीची गोष्ट कुणी सांगत नाही. १९३५ साली सिमल्याच्या कलासंस्थेने तिची काही चित्रं नाकारली आणि एकाला बक्षीस दिलं. तिने ते बक्षीस परत केलं. तुम्ही म्हणाल, तिला परवडत होतं. बरोबर आहे, परवडत होतं. मला परत करणं परवडणार नाही. पण न पाठवणं तर मला परवडतं! त्याला काहीच पैसे लागत नाहीत. उलट फी वाचते, कुरिअर वाचतं.

आणि एक्स्पोजर म्हणजे नेमकं काय, हेही एकदा विचारा. कॅलेंडरवर माझं बावखल किती घरांत वर्षभर लटकलं असेल? पुष्कळ. माझं नाव किती जणांना कळलं? शून्य. हे एक्स्पोजर चित्राला मिळालं, मला नाही. त्यातही चित्र खोटं.

छापचित्राचा स्वभाव

आता मुद्दा फक्त आम्हा प्रिंटमेकिंगवाल्यांचा, पण इलस्ट्रेशन करणाऱ्यांनीही ऐकावा.

छापचित्राचा स्वभावच अनेक होण्याचा आहे. एका ठशातून दहा प्रती निघतात, प्रत्येकीवर १/१०, २/१० असं लिहून सही होते, आणि त्या दहाही मूळच असतात. स्पर्धेचा स्वभाव याच्या उलट. शेकडोंतून एक निवडायचं, बाकीच्यांनी घरी जायचं. या दोन स्वभावांची गाठ घालताना कोण कुणासाठी वाकतंय, हे बघायला हवं.

आपल्याकडे छापचित्र आधी घराघरांत गेलं, दालनात नंतर आलं. पुण्याच्या चित्रशाळा प्रेसची स्थापना १८७८ची. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला, तो पुढे मळवलीला गेला. देवादिकांची ती चित्रं पदकासाठी छापलेली नव्हती. ज्याला तैलचित्र परवडत नाही त्याच्या भिंतीसाठी छापली होती. आमच्या गावात देवाच्या चौकटीत जी सेक्रेड हार्टची चित्रं आहेत, तीही छापीलच. मम्मीला ‘एडिशन’ हा शब्द माहीत नाही, पण एकच चित्र पंचवीस घरांत असण्यात तिला काही कमीपणा वाटत नाही.

आणि चित्तप्रसाद. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाची रेखाटनं करणारा हा माणूस. त्याचं ‘हंग्री बेंगाल’ इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केलं. पुढे तो मुंबईत आला आणि अंधेरीत राहून लिनो कोरत राहिला. आमच्या विरार लोकलच्या वाटेवरच. त्याने कामावर जुंपलेली मुलं कोरली, भुकेली माणसं कोरली. लिनो स्वस्त होता, शाई स्वस्त होती, प्रती काढता येत होत्या. ‘विषय बघ ना काय आहे’ असं त्याला कुणी म्हणालं असतं, तर तो म्हणाला असता की विषय समोर बसलाय. हे वाक्य माझं, त्याचं नाही. पण त्याचे लिनोकट पाहून दुसरं काही सुचत नाही.

आधी काम, मग स्पर्धा

“मग बाहेर पडायचंच नाही का?” असं माझी मैत्रीण विचारते. पडायचं. पण क्रम बदलायचा.

आमच्याच पालघर जिल्ह्यातले जिव्या सोमा मशे. वारली चित्रं लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आली त्यात त्यांचा मोठा वाटा. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तोवर त्यांचा हात कित्येक वर्षं रोज चालत होता. चेन्नईच्या तारा बुक्सचं ‘द नाईट लाइफ ऑफ ट्रीज’ घ्या. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या तीन गोंड चित्रकारांची झाडं, हाताने बनवलेल्या काळ्या कागदावर हाताने स्क्रीनप्रिंट केलेली. २००८ मध्ये त्याला बोलोन्याच्या बालपुस्तक जत्रेत पुरस्कार मिळाला. ‘झाडे लावा’ या विषयावर प्रवेशिका मागवल्या म्हणून ती झाडं उगवली नव्हती.

ज्या स्पर्धेसाठी मला नवं, खोटं चित्र काढावं लागतं ती माझी नाही. माझ्याकडे जे तयार आहे, ते जसंच्या तसं बघायला जी तयार आहे, ती माझी. निवडीची पहिली चाळणी एवढीच.

दुसरी चाळणी: नियमपत्रिका

ही मी आता मोठ्याने वाचते. शब्दशः मोठ्याने, मम्मीसमोर. तिला जे वाक्य विचित्र वाटतं त्याखाली रेघ मारते.

परीक्षक कोण? नावं असली पाहिजेत, आणि त्यांतल्या एकाने तरी आयुष्यात कधी शाईने हात काळे केलेले असावेत. तंत्र कुठलं, एडिशन किती, कागद कुठला हे विचारतात का? की फक्त ‘जेपीईजी, पाच एमबीच्या आत’? एचिंगचा कागदावर उमटलेला प्लेटचा दाब फोटोत दिसत नाही. पहिल्या फेरीला फोटो मागणं समजू शकतं, सगळेच मागतात. पण शेवटपर्यंत फोटोच बघणार असतील, तर ती मुद्राचित्रणाची स्पर्धा नाही.

चित्र परत येणार का, कुणाच्या खर्चाने? आपल्या बाजूने एक फायदा आहे: कागद आहे, नळीत गुंडाळून जातो. काचेची फ्रेम मागितली की खर्च कितीतरी वाढतो आणि वाटेत काच फुटते ती वेगळीच.

आणि हक्क. इथे जरा थांबा, कारण आमच्या वर्गात कुणालाच हे माहीत नव्हतं. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७चा. तुम्ही स्वतःसाठी काढलेल्या चित्राचे पहिले मालक तुम्ही. कुठे नोंदणी करायची गरज नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ म्हणतं की ते लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. त्याहून मोठं कलम ५७. हक्क देऊन टाकले तरी ‘हे चित्र माझं आहे’ असं म्हणण्याचा आणि आपल्या नावाला धक्का लागेल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडून काढलं गेलं. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला उरलेलं शिल्प परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. एवढी वर्षं लागली, हे खरं. पण कायदा त्यांच्या बाजूने उभा राहिला, हेही खरं.

सगळे हक्क मागणारी प्रत्येक स्पर्धा चोर नसते. रुपयाच्या चिन्हाची स्पर्धा आठवा. ५०० रुपये फी होती, तीन हजारांहून जास्त प्रवेशिका आल्या, निवडलेल्या चिन्हाला अडीच लाखांचं बक्षीस आणि हक्क सरकारकडे. आयआयटी मुंबईच्या उदय कुमार यांचं चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं गेलं. देशाचं चलनचिन्ह एका माणसाच्या मालकीचं राहू शकत नाही, हे कुणालाही पटेल. ‘स्वच्छ भारत’चा चष्मा कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचा, तिथेही तसंच. पण ती बोधचिन्हं होती, मागणीनुसार बनवलेली. माझं बावखल बोधचिन्ह नाही. जिंकलेल्या चित्राचे ठरावीक हक्क ठरावीक कामासाठी मागणं वेगळं. हरलेल्यांसकट सगळ्यांचे सगळे हक्क कायमचे मागणं म्हणजे स्पर्धेच्या नावाखाली फुकटात चित्रांचं गोदाम भरणं. जिथे ‘सर्व प्रवेशिका’ आणि ‘सर्व हक्क’ हे दोन शब्दप्रयोग एका वाक्यात दिसतील, तिथे फॉर्म बंद करा.

डंपरचं पुढे काय झालं

त्या पावसाळ्यानंतर बावखलावर भराव पडला. आज तिथे सपाट जमीन आहे. सनसिटी-गास रस्ता दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, बातम्या येतात, लोक विचारतात एवढं पाणी आलं कुठून. पाण्याची जागा बुजवली की पाणी दुसरी जागा शोधतं, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत आहे. वसईतल्या माणसांनी हिरव्या पट्ट्यासाठी मोर्चे काढले, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखे लोक उभे राहिले. आणि माझ्या हातात पुरावा असताना मी तो कोरून फेकला, एका उत्तेजनार्थसाठी. सरांवर ढकलता येईल, पण टूल माझ्या हातात होतं.

नशिबाने डंपर काढण्याआधी मी चार प्रती काढल्या होत्या. आमच्या भाषेत ती ‘पहिली स्टेट’. ठशात बदल करत जाताना मधल्या टप्प्यांवर घेतलेल्या प्रतींना स्टेट म्हणतात. रेम्ब्रांच्या १६५३च्या ‘तीन क्रूस’च्या अशा वेगवेगळ्या स्टेट्स आहेत. शेवटी शेवटी त्याने प्लेट एवढी बदलली की गर्दीतली माणसं अंधारात गेली. तो बदल त्याने स्वतःला काही वेगळं दिसलं म्हणून केला. मी केला, कारण विषय ‘सुंदर शहर’ होता. बदल दोघांनीही केला. फरक एवढाच, पण चित्रकार आणि प्रवेशिका पाठवणारी यांच्यातला फरक तेवढाच असतो.

आता मी दुसरा लिनो कोरतेय. तेच बावखल, तोच डंपर, आणि शेजारी आजची सपाट जमीन. कुठे पाठवायचं तेही ठरलंय. वर्षाला दोनच, यापेक्षा जास्त नाही. पहिलं, कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग. तिथे मुद्राचित्रण हा स्वतंत्र प्रकार आहे आणि माझ्यासारखीच मुलं समोर असतात. दुसरं, मुद्राचित्रांसाठीच भरणारं मोठं प्रदर्शन. भोपाळच्या भारत भवनाचं बिएनाले १९८९पासूनचं, ललित कला अकादमीने २०१८ मध्ये दिल्लीत प्रिंट बिएनाले भरवलं. तिथे निवड होणं कठीण, हे कळतं मला. पण नाकारलं गेलं तर निदान मुद्राचित्र जाणणाऱ्यांनी नाकारलेलं असेल. नियमपत्रिका हातात आली की आधी मम्मीसमोर वाचन.

एडिशन दहाची. दोन स्पर्धांना, दोन माझ्याकडे. उरलेल्या सहा प्रती बावखलाच्या आजूबाजूच्या सहा घरांत देणार आहे. त्यांतल्या एका घरातल्या काकांनी भरावासाठी स्वतःची जागा दिली होती. त्यांना प्रत घेऊन जायची मला भीती वाटते. परीक्षकांची वाटते त्यापेक्षा जास्त. पण त्यांचीही प्रत छापणार आहे, आणि खाली सही करणार आहे.